निव्वळ

शिरोलीच्या नाक्यापुढं आमचा वजनकाटा.
भंगार, ओतीव लोखंड, ऊस, मळी.
आधी भरलेली गाडी, मग रिकामी,
आणि वजाबाकी चिठ्ठीवर छापून येते.
एकोणीस वर्षं मी ही वजाबाकी करते आहे.
ड्रायव्हर टाकीत पाणी भरून आणतात, सीटखाली दगड,
रिकामे होऊन येताना तेच गायब.
मला इंजिनाच्या आवाजावरनं कळतं.

डॉक्टरांनी कागदाच्या मागं पेनानं माझं पोट काढलं.
वांग्यासारखं. मग त्यातनं एक केळं वेगळं केलं.
"हे केळं ठेवायचं. बाकीचं काढून टाकायचं."
"काढलेलं कुठं जातं?"
ते हसले. त्यांना वाटलं, मी घाबरले.
मला खरंच जाणून घ्यायचं होतं;
आमच्याकडं उतरलेल्या प्रत्येक मालाची नोंद असते.

शंभरात एखाद्याचा टाका गळतो, म्हणाले.
हजारात एखादा...
आणि पेनाला टोपण लावलं.
केस गळतील, मग येतील. गोळ्या मात्र जन्मभर.
खर्च साडेतीन लाख.
"आणि नाही केलं तर?"
त्याचाही हिशेब त्यांच्याकडं होता:
साखर, गुडघे, झोपेत अडकणारा श्वास.
तो त्यांनी जरा हळू सांगितला.
"विचार करतो," मी म्हणाले.
डॉक्टर पुण्याचे. बाईच्या तोंडी 'करतो' ऐकून
एकदा वर बघितलं.

अकरा किलो मी एकदा उतरवले होते.
फ्रीजवर तक्ता, अर्धी भाकरी, वाटीभर मूग,
रविवारी सगळ्यांच्या वाट्यांत पांढरा रस्सा वाफाळायचा
आणि मी काकडीच्या चकत्या मोजायची.
आठ महिने.
मग नणंदेच्या लेकीचं लग्न, मग सासऱ्यांचं आजारपण,
रात्री दोनला दवाखान्याबाहेर वडा आणि चहा,
आणि परत आले ते चौदा.
वरचे तीन व्याजाचे असावेत.

नणंद म्हणते, "तोंडाला कुलूप लाव की,
पोट कशाला फाडून घेतेस?"
तिचं वजन बावन्न.
तिला कधी कुलूपच लागलं नाही.

दिलावर मुल्लांनी करून घेतलंय.
उद्यमनगरात लाकडी पॅटर्न बनवतात, चाळीस किलो गेले.
भाचीच्या लग्नात चार घास खाऊन हात धुतला
आणि सगळी पंगत उठेपर्यंत
वाढप्यांशी बोलत उभे राहिले.
"भूक गेली, मालनताई, पण जेवणाची वेळ काय जात नाही.
ती येते आणि समोर बसते."
मग पट्ट्याची नवी तीन भोकं दाखवली,
जरा लाजून.
"जिना चढतो आता. नातवाला घेऊन."

आप्पा शाहूपुरीत गुळाच्या ढेपा उचलायचे, तीस किलोची एक.
संध्याकाळी मला गंगावेशला न्यायचे,
म्हशीची धार थेट पेल्यात, फेस नाकाला.
"पी. अंगाला लागू दे."
लागलं, आप्पा.
चार ढेपांना पाच किलो कमी.
डॉक्टर म्हणतात, दीड ढेप उतरवा.
तुमची पाठीवर असायची. खांदा तिरका केला
की झालं.

सोमवारी तारीख कळवायची आहे.
काल रात्री शेवटची गाडी गेल्यावर
चपला काढून मी काट्यावर उभी राहिले.
एकटं माणूस त्याला नीट कळत नाही,
टनांची सवय, दहा-दहा किलोंनी मोजतो.
लाल आकडे एकशे वीस झाले, मग एकशे दहा,
परत वीस, परत दहा.
श्वास धरला. तरी तेच.
हायवेवरनं कंटेनर गेला, पायाखालचा पत्रा थरथरला.
चिठ्ठी छापायचं बटण आत, टेबलावर.
ते दाबायला
काट्यावरनं उतरावं लागलं असतं.